उघाडीवरची ओ

दुपारची भांडी झाली की काशीबाई ओटीवर सुपात जवळा घेऊन बसायची आणि तिची नातसून मृणाली मोबाईल घेऊन. काशीबाईनं जवळ्यातले खडे आणि शिंपल्यांचे तुकडे निवडायचे, मृणालीनं वाचायचं, असं दोघींचं ठरून गेलं होतं. वाचायचं म्हणजे एकच, 'खरखर' नावाचा ब्लॉग. रोह्याचा सुजय म्हणून एक माणूस कंपनीतली शिफ्ट सांभाळून तो लिहायचा, आणि त्यात रेडिओशिवाय दुसरं काही नसायचं.

काशीबाईची शाळा दुसरीतच सुटली. एसटीची पाटी अक्षराला अक्षर जोडून वाचेपर्यंत एसटी वडखळला पोचते, असं ती स्वतःच सांगायची; दुसऱ्या कुणी सांगितलं तर मात्र त्याची खैर नसायची. पण रेडिओ तिनं उभा जन्म ऐकला होता. त्यामुळे सुजय लिहायचा आणि काशीबाई तपासायची.

रेडिओचं लायसन पोस्टात भरावं लागायचं, असं त्यानं लिहिलं तेव्हा तिनं मान हलवली. जुना सेट तापायला वेळ लागायचा आणि तोवर घरातली माणसं त्याच्या जाळीकडे बघत गप्प बसायची, असं लिहिलं तेव्हा तर ती जवळा निवडायची थांबली. "हे खरं लिवलंय त्यानं. बघितलेला दिसतोय." पण खेड्यातल्या बायकांच्या वाट्याला रेडिओ फार आला नाही, असं एकदा वाचल्यावर सूप खाली आपटलं.

"लिव त्याला. आमच्यात रेडिओ सासऱ्यानी आणला, पण बटण माझ्या हातात होतं. बातम्या मी लावायची न् बंदपण मीच करायची. पुरुष काय, जेवायला वाढा म्हणून बसायचे."

मृणालीनं ते तसंच्या तसं लेखाखाली टाकलं. सुजयचं उत्तर आलं, 'काशीआजी, चूक कबूल.' तिथून पुढे प्रत्येक लेखाखाली तो 'काशीआजींना विचारायला हवं' असं लिहायला लागला, आणि ती आळीत 'माझा रेडिओवाला' म्हणून त्याचं नाव घ्यायला लागली.

त्या पावसाळ्यात त्यानं विचारलं की रेडिओवरची बातमी सेटपासून लांब असलेल्या माणसांपर्यंत कशी जायची. काशीबाईनं सुपातला जवळा एका बाजूला केला आणि हाळीची रीत सांगितली.

पेणचा हा खारेपाट म्हणजे एका बाजूला खाडी, एका बाजूला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध. बांधाच्या टोकाला पाणी सोडायची-अडवायची जागा, ती उघाडी. उधाणाच्या दिवसांत बांधावर दोन खोपी असायच्या. मधल्या खोपीत काशीबाई ट्रान्झिस्टर घेऊन बसायची, आणि उघाडीवरच्या खोपीत तिची धाकटी जाऊ वनिता. मध्ये बांधाला वळण, त्यामुळे एकमेकींना दिसायच्या नाहीत. रेडिओनं वादळपावसाचा इशारा दिला की काशीबाईनं हाळी द्यायची, वनितानं ओ द्यायची, आणि दोघींनी आपापल्या वाटेनं गाव गाठायचं. ओ आली म्हणजे कळलं, मोकळी झाली. तीन हाळ्या गेल्या आणि ओ आली नाही, तर मात्र कंदील उचलून जिनं हाळी दिली तिनं स्वतः चालत जायचं.

"आणि असं लिव," काशीबाई म्हणाली, "का हाळी ज्याच्या कानावर पडंल त्यानी ओ द्यायचीच. अधांतरी ठेवायची नाय. आमच्यात पोरगं बोलायच्या आधी ओ शिकतं."

वनिताचं पुढं काय झालं ते तिनं लिहायला सांगितलं नाही. ते गावाला माहीत होतं. काशीबाई तरणी असतानाच्या एका आषाढात उधाणाला उघाडी फुटली आणि वनिता वाहून गेली. सापडलीच नाही. इशारा मिळाला होता, तर ती तिथं थांबली कशाला, असा सवाल तिच्या नवऱ्यानं, म्हणजे काशीबाईच्या दिरानं, जनूनं भरल्या अंगणात केला होता. "तू ओची वाट बघितली नायस. हाळी टाकलीस न् पळालीस." काशीबाईनं तिथल्या तिथं सांगितलं होतं, "ओ आली. ह्या कानांनी ऐकली. आली नसती तर मीच गेली असती." त्या दिवसापासून जनू तिच्या घरचं पाणी प्यायला नाही. काशीबाईचा नवरा गेला तेव्हा भावाला खांदा द्यायला आला, आणि घोटभर पाणी न घेता तसाच माघारी गेला.

गावात कुणी काशीबाईला तोंडावर खोटी म्हणालं नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. पण न बोललेलंही तिला ऐकू यायचं.

चार दिवसांनी सुजयचा नवा लेख आला. मृणाली वाचायला लागली आणि मध्येच अडखळली.

सुजयचे वडील पुंडलिक रेडिओवाल्यांबरोबर ध्वनिमुद्रणाचं यंत्र उचलायला जायचे. एका आषाढात पेणच्या खारेपाटात आवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी घ्यायला माणसं आली होती. गाणी झाली, पाऊस कोसळला, सगळे बांधावरच्या एका खोपीमागच्या मांडवात शिरले आणि ताडपत्रीखाली यंत्र चालूच राहिलं. ती टेप मुंबईत कुणाला नको होती, म्हणून पुंडलिकांनी ठेवून घेतली. 'काशीआजींची हाळी वाचली,' सुजयनं लिहिलं होतं, 'आणि मला ती टेप आठवली. एक बाई वनिता नावाच्या कुणाला हाका मारते आहे. तीन हाका. एकीलाही उत्तर येत नाही, आणि टेप संपते.'

खाली पहिल्या हाळीचा तुकडा लावला होता. मृणालीनं विचार न करता त्याच्यावर बोट ठेवलं.

"वनितेऽऽ गोऽऽ, उधाण येतंय, बांध सोऽऽड."

आवाज तरणा होता, धारदार. जवळ्याच्या सुपावरच्या माश्या उठल्या.

"मीच ती. गाणी घ्यायला माणसं आलेली त्याच दिवसाची," काशीबाई म्हणाली. मग सूप बाजूला सारून, "उत्तर येत नाय, असं लिवलंय त्यानी?"

"हो आजी."

"खोटं हाय ते."

संध्याकाळपर्यंत तो तुकडा लेखासकट गावच्या ग्रुपवर फिरला. नातू विशाल कंपनीतून आला तो मान खाली घालूनच. जनूआजोबांनी निरोप दिला होता. "सांग तुझ्या आजीला. आता रेडिओच बोलला. मी माझं तोंड वापरणार नाय."

रात्री काशीबाई जेवली नाही. सकाळी नेसूचं पातळ बदलून ती ओटीवर उभी होती. "चल रोह्याला. आख्खी टेप ऐकायची मला."

गाडीत खिडकीशी बसून ती बाहेर बघत राहिली. नागोठण्याला पुलाखाली आंबा नदी गढूळ भरून चालली होती. मृणालीनं वडापाव पुढं केला, तो तिनं हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"तिचा घसा बसलेला होता," निडी स्टेशन गेल्यावर ती अचानक म्हणाली. "त्या दिवशी. ओ आली ती अशी खरखरीत आली. सकाळी आवणीला चांगली गात होती, तेवढ्यात कुठं घसा धरला, असं मला वाटलं पण. कोण खोटं बोलणारा असं बारीक काय सांगंल का?"

"नाही आजी."

"मग."

सुजयचं घर कुंडलिकेच्या अंगाला होतं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, नाइट शिफ्ट करून आलेला माणूस. त्यानं वाकून नमस्कार केला. काशीबाईनं त्याला नीट न्याहाळलं. "लिवतोस चांगला. ऐकतोस अर्धा." तो हसला आणि बायकोला चहा टाकायला सांगून त्यानं माळ्यावरचं यंत्र आधीच खाली काढून ठेवलेलं दाखवलं. दोन फिरक्यांचं, बारक्या ट्रंकेएवढं. टेप तपकिरी, कडेला मळलेली.

"ही मी लहानपणापासून ऐकतोय, आजी. झोप नाही आली की लावायचो. पावसाचा आवाज छान आहे म्हणून."

"लाव."

आधी पाऊस आला. खोपीवरच्या झापांवर पडणारा वेगळा, चिखलात पडणारा वेगळा. काशीबाईला दोन्ही ओळखू आले. बेडूक. कुणीतरी विडी मागितली. मग ट्रान्झिस्टर, लांबून, शब्द न कळणारा, पण इशारा सांगतानाचा तो सपाट सूर. आणि मग पायांचा चपक चपक आवाज, बांधाच्या कडेपर्यंत गेलेला.

"वनितेऽऽ गोऽऽ, उधाण येतंय, बांध सोऽऽड."

काशीबाईनं पदराचा बोळा मुठीत धरला. फिरक्या गरगरत होत्या. पाऊस पडत होता. ओ आली नाही.

"वनितेऽऽ गोऽऽ."

सुजयनं हळूच मान हलवली. मृणाली यंत्राकडे बघत होती. बाहेर कुणाच्यातरी घरी कुकरची शिट्टी झाली.

काशीबाईला आता बसवेना. टेपमधली ती तरणी पोरगी तिथं उभी होती, भिजलेली, कान वळणाकडे लावून. तिला कुणी ओ देत नव्हतं.

"वनितेऽऽ. ऐकतंस काऽऽ गोऽऽ."

पाऊस. मग जवळच, यंत्राच्या अगदी शेजारी असावी तशी, कंदिलाची कडी वाजली. कुणीतरी कंदील उचलला होता.

"ओऽऽ."

मृणालीनं दचकून वर बघितलं. काशीबाईचं तोंड उघडं होतं. शिंक यावी तशी ओ येऊन गेली होती. तिनं पदर तोंडावर धरला, लाजल्यासारखी. "सवय," ती पुटपुटली. "हाळी आली का..."

टेपवर कंदील खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकलंस ना गो?" तरणी काशी म्हणाली. आवाजातला ताण गेला होता. "मग मी चालली घराला."

आणि पावलं. चपक, चपक, चपक. उघाडीच्या दिशेनं नाही. गावाच्या दिशेनं.

फिरकी रिकामी झाली, टेपचं शेपूट फडफडत राहिलं. सुजयनं यंत्र बंद केलं नाही.

"हे नव्हतं," तो म्हणाला. "तिसऱ्या हाकेनंतर टेप संपते. कंदील नाही, काही नाही. हे नव्हतं, आजी."

"परत लाव," मृणाली म्हणाली.

त्यानं टेप मागं घेतली. हाताचा अंदाज चुकला, दोनदा घ्यावी लागली. पाऊस आला, तिसरी हाळी आली, कंदिलाची कडी वाजली. काशीबाईनं दोन्ही ओठ दातांखाली दाबून धरले होते.

"ओऽऽ," टेप म्हणाली.

लांबून, वळणापलीकडून, पावसातून. खरखरीत, म्हाताऱ्या बाईची ओ.

मृणालीनं काशीबाईकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. सुजयच्या बायकोनं चहा आणला होता, ती कप घेऊन दारातच थांबली. काशीबाईला तेव्हा समजलं की वनिताचा घसा त्या दिवशी बसलेला नव्हताच. घसा सत्तरीचा होता, तिचा स्वतःचा. ती ओ आली नसती तर कंदील उचललेली ती पोरगी वळण ओलांडून गेली असती, आणि झोपलेली, पडलेली, उघाडीच्या फळ्यांशी झगडणारी, कशीही असली तरी वनिताला दंडाला धरून घेऊन आली असती.

"मोबाईलवर घे ते," ती मृणालीला म्हणाली. "ओपर्यंत."

"आजी, पण हा आवाज..."

"ओपर्यंत घे."

येताना नागोठण्याला तिनं तो वडापाव एका पोराला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं विशालकडून जनूला निरोप धाडला. रेडिओचं अर्धंच ऐकलंस, बाकीचं ऐकायला ये. जनू लगेच आला नाही. आला तो पुनवेनंतर, ऊन पडलेलं असताना, काठी टेकत. ओटीच्या पायरीवर बसला, वर चढला नाही.

"लाव," काशीबाईनं सांगितलं.

मृणालीनं मोबाईल त्याच्या कानाजवळ धरला. पहिली हाळी, दुसरी, तिसरी. कडी. ओ. तिथंच तुकडा संपत होता.

जनूनं काठीवरचे हात बदलले. "आणखी एकदा."

मृणालीनं लावलं.

"आली ओ," तो म्हणाला.

"आली."

"तिचीच का गो ती?"

काशीबाई त्याच्या पायांकडे बघत होती. टाचांना भेगा पडलेल्या, नखं काळी. सांगायचं तर आत्ता सांगता आलं असतं. एवढी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मान ताठ धरली ती समोर येऊन बसली होती, आणि तिनं फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

"दुसरं कोण असंल उघाडीवर?"

जनूनं काठी भिंतीला लावून ठेवली आणि पायरी चढून ओटीवर येऊन बसला. "माझंच चुकलं, वयनी. पाणी दे."

मृणालीनं तांब्या-फुलपात्र आणलं. जनूनं वरून न पिता फुलपात्र ओठाला लावलं, घरच्यासारखं. काशीबाईनं भिंतीला पाठ टेकली.

खाडीत उधाण भरत होतं. उघाडी फुटल्यावर पुन्हा कुणी बांधली नाही. पलीकडची शेतं जाऊन तिवराचं रान माजलं होतं, आणि भरतीचं पाणी त्याच्या मुळांतून आत येताना ओटीपर्यंत ऐकू यायचं. त्या आवाजातून हाक आली.

"बाय गोऽऽ."

मृणालीनं मोबाईलकडे बघितलं. तो तिनं जमिनीवर ठेवला होता. "कोण हाका मारतंय तिकडं?" ती म्हणाली. "तिवरात कोण गेलंय?"

जनूचं फुलपात्र ओठाशीच थांबलं होतं.

काशीबाईला गावात कुणी वयनी म्हणायचं, कुणी काकी, आता सगळे आजी. बाय म्हणणारी एकच होती.

"बाय गोऽऽ. ऐकतंस काऽऽ."

घसा स्वच्छ होता. सकाळी आवणीला गात होता तसा.

"तुला हाकारते, वयनी," जनू म्हणाला. त्याच्या आवाजात नवल नव्हतं. "ओ दे."

ओ घशाशी आली होती. काशीबाईनं पदर तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. ह्या तोंडातून गेलेली एक ओ काय करून आली ते तिला ठाऊक होतं. दुसरी कुठं जाऊन पडेल ते ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, नाकातून आवाज निघाला, पण तिनं हात काढले नाहीत.

"वयनी. ओ दे की गो. अधांतरी ठेवू नको."

तिनं मान हलवली. नाही.

"बाय गोऽऽ."

तिसरी हाक विरून गेली. पाणी तिवरातून आत येत राहिलं. तिघंही तिकडेच बघत बसली. हाक पुन्हा आली नाही, आणि काशीबाईनं पदर तोंडातून काढला तेव्हा त्याचं ओलं टोक तिच्या मांडीवर पडलं.

"तीन हाळ्या झाल्या, ओ नाय दिलीस," जनू म्हणाला. त्यानं अर्धं प्यायलेलं फुलपात्र खाली ठेवलं. रागावल्यासारखा तो दिसत नव्हता. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं तोंड पुसलं, धोतर गुडघ्यावर सारखं केलं आणि पायरीवरची आपली चप्पल उचलून बाजूला ठेवली, वाट मोकळी केल्यासारखी.

"सूनबाई," तो मृणालीला म्हणाला, "घमेल्यात पाणी घाल न् पायरीशी ठेव. बांधावरनं चालत यायचं म्हंजे पाय चिखलाचं होनार."

मृणालीनं काशीबाईकडे बघितलं. तिला वाटलं आजी आता दिराला झापेल, निदान काहीतरी बोलेल.

"गार ठेवू का?" तिनं विचारलं.

काशीबाई तिवराकडे बघत होती.

"कोमट ठेव," ती म्हणाली.